टपाल वाहतुकीचा ठेका रद्द झाल्यास नुकसानभरपाई

चिंचवडला रेल्वे स्थानक आहे. खेड तालुक्यातील चाकणला नाही. चाकण परिसरातील टपालाच्या थैल्यांना पुणे-नाशिक रस्त्याचाच आधार. या थैल्या वाहणाऱ्याचे काम एकाएकी बंद झाले, तर त्याला शासनाकडून काय मिळेल, हा प्रश्न अखेर गावच्या पंचायतीपुढे किंवा शिक्षकापुढे येतो.

प्रथम पाहावयाचे ते हे, की तो सेवक आहे की ठेकेदार. ग्रामीण डाक सेवकांना पूर्वी अतिरिक्त विभागीय कर्मचारी म्हणत. त्यांचे पद हे नागरी पद होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्यामुळे गैरवर्तनाचा ठपका ठेवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी न देता, अशा सेवकाला काढता येत नाही. तीन वर्षांहून अधिक अखंड सेवा न झालेल्या सेवकाला मात्र एक महिन्याची नोटीस, अथवा तेवढ्या काळाचा मोबदला देऊन कमी करण्याची तरतूद २०११ च्या नियमांत करण्यात आली.

ठेकेदाराचे तसे नाही. त्याचा आधार १८७२ चा करार कायदा. समजा, तीन वर्षांच्या ठेक्याच्या भरवशावर एकाने कर्ज काढून टेंपो घेतला आणि वर्षभरातच ठेका रद्द झाला. कर्जाचे सगळे हप्ते शासनाने भरावेत, ही त्याची अपेक्षा स्वाभाविक असली तरी कायद्यात बसणारी नाही. कलम ७३ नुसार करारभंगातून सरळ उद्भवलेले नुकसान मिळते, दूरान्वयाचे नाही. शिवाय नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाती होते, तेही विचारात घेतले जातात; आणि चाकणसारख्या ठिकाणी टेंपोला कारखान्यांचा माल मिळू शकला असता, हा युक्तिवाद समोरून हमखास होणार.

खरी मेख करारातील रद्दतेच्या अटीत असते. अमेरिकेत गारफील्ड नावाच्या टपाल ठेकेदाराच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७६ साली करार झाल्याचे मान्य केले. परंतु सेवा बंद करताना एक महिन्याचा जादा मोबदला द्यावयाचा, अशी अट असल्याने भरपाई तेवढ्यावरच थांबली. आपल्याकडेही सही करण्यापूर्वी हे कलम कोणी वाचत नाही.

दुसरी अडचण कागदाची. संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार केंद्र शासनाचा करार राष्ट्रपतींच्या नावे व अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. तोंडी हुकमावर गाडी चालविणाऱ्याला करारभंगाची भरपाई मागता येत नाही. तरीही केलेले काम फुकट जात नाही : पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ७० खाली, शासनाने स्वीकारलेल्या कामाचा मोबदला देय ठरविला. अशा वेळी फेऱ्यांची नोंदवही आणि थैल्यांच्या पोचपावत्या हाच पुरावा.

करारात लवादाची अट असल्यास आधी लवादाकडे जावे लागते. दिवाणी दाव्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असते, आणि करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत तीन वर्षांची. थकलेली बिले व अनामत रक्कम अर्जात वेगळी दाखवावी. ते ठेकेदाराचे येणे आहे, नुकसानभरपाई नव्हे.