सहा हेक्टरांची फेरी

नागपूरजवळच्या बेसात आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यात सागाचं एक झाड आहे. घर बांधलं त्या वर्षी बाबांनी लावलेलं. त्याच झाडाखाली बसून एकदा ते म्हणाले, "खरा जुना साग एकदा पाहायचा आहे." तेवढ्यासाठी आम्ही दोनदा आलापल्लीला गेलो. पहिली खेप वाया गेली, दुसरी मनासारखी झाली. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतो आहे.

१. जंगलाचा आकार आधी समजून घ्या. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटरवर 'वनवैभव' आहे. क्षेत्र सहा हेक्टर, म्हणजे जेमतेम पंधरा एकर. १९५३ पासून हा तुकडा न तोडता राखलेला आहे आणि २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झाला. हिशोब केला तर काठाकाठाने पूर्ण फेरी साधारण किलोमीटरभरच भरते. पहिल्या वेळी मी हाच आकडा पाहून म्हटलं, अर्ध्या तासाचं काम, जाता जाता होईल. पहाटे बेसाहून निघून संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलो. डिसेंबरात तिकडे साडेपाचलाच सूर्य मावळतो. वीस मिनिटं चाललो, अंधूक उजेडात उंच काहीतरी आहे एवढंच कळलं. परतताना मुलगी म्हणाली, "एवढंच होतं?" तिची चूक नव्हती. मी तिला एवढंच दाखवलं होतं.

२. मुक्काम धरूनच बेत आखा. वर्धा रोडने जाम, तिथून वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्ली. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. आष्टीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांमुळे वेग मिळत नाही आणि अंधार पडल्यावर त्या भागात गाडी हाकू नये. आदल्या दिवशी उजेडातच आलापल्ली गाठा, रात्री नीट झोपा आणि सकाळचा वेळ जंगलाला द्या. रस्त्यातलं बल्लारपूर मात्र बघण्यासारखं आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान निघालं ते इथल्याच आगारातून. याच पट्ट्यातला साग कापून कुठे कुठे जातो ते तिथे कळतं आणि दुसऱ्या दिवशी न कापलेला साग कसा असतो ते समोर दिसतं. हा क्रम मला फार आवडला.

३. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने बरे. पावसाळ्यात भामरागडकडचे नदी-नाले रस्ता अडवतात. एप्रिल-मेमध्ये ऊन सोसत नाही, साग निष्पर्ण असतो आणि वणव्याची भीती असते.

४. वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून जा आणि स्थानिक माणूस सोबत घ्या. दुसऱ्या खेपेला आमच्यासोबत एक वनरक्षक होते. बाबांना ते "काका" म्हणत आणि त्यांचा दुखरा गुडघा पाहून आपली चाल कमी करत. आम्हाला नुसती झाडं दिसत होती, त्यांनी एकेकाची ओळख करून दिली. येनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटते. बिजाला घाव बसला की लाल डिंक पाझरतो. हे त्यांनी हात लावून दाखवलं. गोंडी, माडिया, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषा कानावर पडणाऱ्या या भागात झाडाचं तिथलं नाव विचारून घ्यावं, वहीत लिहावं.

५. फेरी किलोमीटरने मोजू नका, थांब्यांनी मोजा. हे मला सगळ्यांत उशिरा उमगलं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. दुसऱ्या वेळी आम्ही सात थांबे ठरवले आणि प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही असं ठरलं. पहिल्याच थांब्यावर मुलीला सागाचं एक गळलेलं पान सापडलं. अळीने त्याचा मऊ भाग खाऊन फक्त शिरा ठेवल्या होत्या. उजेडाकडे धरलं तर जरीच्या कापडासारखं आरपार. तिसऱ्या थांब्यावर एक जुनं खोड आडवं पडलेलं होतं. त्यावर अळंबी उगवली होती, पोकळीत माती झाली होती आणि त्या मातीत एक कोवळं रोप. लावलेल्या सागवनात झाडं एका वयाची, रांगेत असतात. इथे मोडलेलं, वाळलेलं, नुकतं रुजलेलं, शतकभराचं सगळं एकाच नजरेत मावतं. जंगल जुनं आहे याची खूण मला उंचीपेक्षा त्या पडलेल्या खोडात दिसली. या भागात शेकरू आहे. आम्हाला दिसली नाही, पण तिच्यासाठी वर पाहत बसलो म्हणून शेंड्याशी हलणारा उजेड दिसला. एवढ्याशा फेरीला अडीच तास लागले.

६. पायवाट सोडू नका. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युर वूड्समध्ये तिने रेडवूडची जुनी झाडं पाहिली. ते वन १९०८ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालावं लागतं, कारण रेडवूडची मुळं उथळ असतात आणि पावलांनी माती दबली की झाडाला त्रास होतो. एवढी आकाशाला टेकलेली झाडं आणि त्यांना जपायचं ते आपल्या पावलांपासून! आपल्याकडे तर जंगलच पंधरा एकरांचं. फोटोसाठी प्रत्येक जण बुंध्यापर्यंत गेला तर तिथलं रोप कधी वाढणार?

७. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम विसरू नका, जिल्ह्यात मलेरिया आहे. मोबाइलला रेंज असेल असं धरू नका. पाणी नागपूरहूनच भरून न्या. पोळी-भाजीचा डबा बाहेर आल्यावर उघडा आणि कागदाचा तुकडाही मागे ठेवू नका.

८. सोबत सुतळी न्या. हे बाबांनी सुचवलं. वनरक्षकांना विचारून त्यांनी एका सागाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळली. एकट्याचे हात पुरेनात, मुलीने दुसरं टोक पकडलं. बुंधा खाली पन्हाळींसारखा खोलगट होता, तिथे सुतळी अधांतरी राहत होती. बाबांनी गाठ मारली, सुतळी खिशात ठेवली आणि झाडाच्या सालीवर थोडा वेळ नुसता हात ठेवून उभे राहिले.

घरी आल्यावर तीच सुतळी आमच्या कोपऱ्यातल्या सागाला गुंडाळली. पाच वेढे बसले, वर वीतभर उरली.