वारंवार मालवणारा टेलिव्हिजन

गेल्या मार्च महिन्यांत आमच्या शाळेच्या विज्ञानदालनांतील टेलिव्हिजनला एक विचित्र खोड लागली. खटका दाबावा, खालचा तांबडा दिवा लागावा, पडद्यावर कंपनीचें नांव उमटावें, आणि दोन श्वास घ्यावे तोंच सर्व अंधार व्हावा. क्षणभरानें पुन्हां तांबडा दिवा, पुन्हां तेंच नांव, पुन्हां अंधार. पांच-सात वेळां हा खेळ झाला म्हणजे संच एकदाचा स्थिर होई व मग तासभर बिनतक्रार चाले. नववीच्या मुलांस यांत मोठी मौज वाटे. आम्हांस ती वाटत नसे.

आमच्या मनांत प्रथम जो विचार आला तो येथें सांगून टाकणें बरें. अलीकडील कांहीं मोबाइल फोनांत रिमोटप्रमाणें अदृश्य किरण सोडण्याची सोय असते. मागच्या बाकावरील एका मुलाजवळ तसा फोन होता, आणि पूर्वीं एकदां त्यानें दालनांतील रिमोटचा पंखा त्या फोनानें बंद करून दाखविलाही होता. एवढ्या पुराव्यावर आम्हीं त्यास दोषी ठरविलें, फोन काढून घेऊन कपाटांत ठेवला व वडिलांस बोलावणें धाडलें. वडील वणीजवळच्या कोळशाच्या खाणींत कामास आहेत. रात्रपाळी संपवून ते तसेच शाळेंत आले. "तो नाही म्हणते जी, सर," एवढेंच ते बोलले. आम्हांस तें पटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, शाळा भरण्यापूर्वीं, दालनांत आमच्याखेरीज कोणी नसतां व तो फोन कुलुपांत असतां, आम्हीं संच लावला. तो सात वेळां मालवला.

फोन त्याच दिवशीं परत केला, आणि ज्या वर्गासमोर आरोप केला होता त्याच वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. नंतर त्याला व आणखी तिघांना घेऊन आम्ही शोधास लागलों. रोग्याची नाडी न पाहतां औषध देण्याची चूक एकदां झाली होती. आतां बाहेरून आंत, एकेक पायरीनें जावयाचें ठरविलें. (गांवांतील एका दुकानदारानें संच न पाहतांच "मुख्य बोर्ड गेला, साडेतीन हजार पडतील" असें सांगितलें होतें. तेव्हां घाईनें निदान करणारे आम्ही एकटेच नव्हतों!)

पहिली पायरी भिंतीवरची. प्लग सॉकेटांत सैल बसत असेल तर संच हालला-डुलला कीं वीज तुटते. अशा प्लगाच्या पितळी दांड्यांवर काळे डाग दिसतात व तो हातास कोमट लागतो. आमचा प्लग स्वच्छ होता, तरीही आम्हीं दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटांत तो लावून पाहिला. खोड तशीच राहिली. उन्हाळ्यांत विजेचा दाब कमीजास्त होतो हें वणीकरांस सांगावयास नको, आणि पुष्कळ पालक टेलिव्हिजन मालवला कीं प्रथम त्यासच बोल लावितात. परंतु हल्लींचे बहुतेक संच १०० पासून २४० व्होल्टपर्यंतच्या दाबावर चालतील असे बांधलेले असतात. त्यांच्या पाठीवरील चिठ्ठीवर तसें छापलेलें असतें. मीटरनें पाहतां आमच्या दालनांत त्या वेळीं २२६ व्होल्ट होते. महावितरण निर्दोष ठरलें.

दुसरी पायरी आज्ञेची. संचास 'बंद हो' अशी आज्ञा कोणी देत तर नाहीं? रिमोटचें बटन चिकटून राहिलें तर तो सारखी तीच आज्ञा देत राहतो. याची परीक्षा मुलांस फार आवडली: रिमोटचा पुढचा बिंदु मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यांतून पाहावा, बटन दाबतांच डोळ्यांस न दिसणारा किरण पडद्यावर जांभळट ठिपका होऊन चमकतो. बटन न दाबतां ठिपका चमकला तर चोर सांपडला. आमचा रिमोट निर्दोष होता. तरी त्याचे सेल काढून ठेविले. संचाच्या कडेचा खटकाही धुळीनें अडकून राहतो. तो दाबून सोडून पाहिला. मग सेट-टॉप बॉक्सची तार काढली, कारण एच.डी.एम.आय. तारेंतून एक यंत्र दुसऱ्यास चालू-बंद होण्याची आज्ञा देऊं शकतें. ठराविक वेळानें झोपी जाण्याची सोय चुकून लागलेली नाहीं ना, हेंही पाहिलें. आतां संचास फक्त वीज जोडलेली होती. तरी तो मालवतच राहिला. म्हणजे दुखणें आंतलें.

आंतलें दुखणें ओळखण्यास झांकण काढण्याची घाई करूं नये. डोळे व कान पुष्कळ सांगतात. आवाज चालू राहून केवळ चित्र काळें होत असेल तर अंधारांत पडद्यावर तिरपी विजेरी धरावी. अंधुक चित्र दिसलें तर पडद्यामागील दिव्यांची ओळ निकामी झाली असें समजावें. तांबडा दिवा ठराविक संख्येनें लुकलुकत असेल तर संच आपल्या भाषेंत दोषाचा क्रमांक सांगत असतो. ती संख्या मोजून लिहून ठेवावी व कारागिरास सांगावी. आमच्या संचांत आवाज, चित्र व दिवा हीं तिन्हीं एकदमच जात. याचा अर्थ सर्वांस वीज पुरविणारें मूळच मध्यें अडखळत होतें.

याहून महत्त्वाची खूण वेळेची. संच थंड असतां अधिक वेळां मालवतो, कीं तापल्यावर? मुलांनीं आठ दिवस वहींत नोंद ठेविली. सकाळीं पहिल्यानें लावतांना सहा, सात, एकदां तर अकरा वेळां. दुपारीं पुन्हां लावतांना एक किंवा दोन वेळां. डाख निखळून बारीक चीर पडली असेल तर बहुधा उलट घडतें: थंड असतां सर्व ठीक, आणि धातु तापून प्रसरण पावली कीं सांधा सुटतो. थंडपणीं अडणारा व तापल्यावर सुधारणारा संच मात्र बहुतेक वेळां एकाच वस्तूकडे बोट दाखवितो. ती वस्तु म्हणजे कपॅसिटर, ज्यास पाठ्यपुस्तकांत धारित्र म्हणतात.

तिचें काम वणींतील कोणत्याही गृहिणीस समजेल. उन्हाळ्यांत नळास पाणी येतें तें कधीं धो धो, कधीं करंगळीएवढें, कधीं मुळींच नाहीं; परंतु घरांत रांजण भरलेला असला म्हणजे स्वयंपाक अडत नाहीं. संचांतील पॉवर सप्लायचा बोर्ड भिंतीवरील वीज घेऊन तिचे सेकंदास हजारों लहान लहान धक्के करितो व त्यांतून ५ व १२ व्होल्ट अशा हलक्या दाबाची वीज काढितो. हे धक्के सांठवून संथ प्रवाह देणारे रांजण म्हणजे कपॅसिटर. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें द्रवांत भिजविलेला कागद ठेवून त्याची गुंडाळी करितात व ती डबींत घालून रबराच्या बुचानें बंद करितात. वर्षानुवर्षें उष्णतेनें तो द्रव बुचावाटे थोडथोडा उडून जातो. मग रांजण लहानही होतो आणि त्याचें तोंडही बुजतें. संच जागा होऊं लागला कीं मुख्य बोर्ड एकदम अधिक वीज मागतो, रांजण ती देऊं शकत नाहीं, दाब खचतो, बोर्डावरील नियंत्रक गोंधळून सर्व बंद करितो. बंद होतांच मागणी संपते, दाब पूर्ववत् होतो, आणि नियंत्रक पुन्हां आरंभापासून सुरू होतो. मुलांना जो खेळ वाटत होता तो हाच. तापल्यावर उरलेला द्रव अधिक सहज वीज वाहूं देतो, म्हणून दुपारीं संच बरा चाले.

आतां झांकण काढण्याविषयीं. हें काम विद्यार्थ्यांनीं घरीं करूं नये, आणि पालकांनींही सहज म्हणून करूं नये. जुन्या कांचेच्या नळीच्या संचांत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असे. नव्यांत तो नाहीं, म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु २३० व्होल्टची वीज एकदिश केली म्हणजे तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, आणि बोर्डावरील मोठा कपॅसिटर तो दाब प्लग काढल्यावरही कांहीं काळ धरून ठेवितो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर सुमारें ५ ज्यूल ऊर्जा सांठवितो. किलोचें माप अर्ध्या मीटरवरून पायावर पडावें एवढी ती होय, आणि ती क्षणार्धांत हातांतून जाते. पुष्कळ लोक पेंचकस टेकवून हा कपॅसिटर रिकामा करितात. ठिणगी उडून पेंचकसाचें टोंक वितळलेलें आम्हीं पाहिलें आहे. आमच्या मदतीस आय.टी.आय. शिकलेला एक माजी विद्यार्थी आला होता. त्यानें १० हजार ओहमचा, १० वॅटचा रोधक लांब तारांनीं लावून धरला. पांच सेकंदांत दाब दोन-तीन व्होल्टवर आला. तो मीटरनें पाहिल्यानंतरच त्यानें बोर्डास हात लाविला. मुलें तोंपर्यंत तीन हात दूर उभीं होतीं.

५ व्होल्टच्या वाटेवर १००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर शेजारीं शेजारीं होते. एकाचें डोकें पुरीसारखें फुगलेलें होतें, दुसऱ्याचें सपाट. आम्हीं फुगलेला तेवढा बदलावयास सांगितला. माजी विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं (गुरूस विरोध कसा करावा!). डाख वितळवून जुना काढला, नवा बसवितांना, ज्या मुलावर आम्हीं आळ घेतला होता त्यानें विजेरी धरली होती, तो म्हणाला, "सर, पांढरी पट्टी उलट्या बाजूस जात आहे." खरेंच होतें. ती पट्टी ऋण टोंकाची असते; उलट बसविलेला कपॅसिटर तापतो व फुटतो. तो वेळेवर बोलला म्हणून बरें झालें. संच लावला. तो तीन वेळां मालवला.

कांट्याचा जुना मीटर लावला तेव्हां संच जागा होतांना कांटा ५ वरून ४ च्याही खालीं झुकतांना दिसला. (अंकांचा मीटर एवढी चपळाई दाखवीत नाहीं.) मग सपाट डोक्याचाही काढला. बाहेर काढून मोजला तेव्हां त्याची धारणा छापील आंकड्याच्या पांचव्या हिश्शावर आली होती. फुगलेला कपॅसिटर खात्रीनें वाईट असतो. सपाट खात्रीनें चांगला नसतो. दोन्ही नवे, १०५ अंशांच्या दर्जाचे, १६ व्होल्टचे बसविले; सर्व खर्च पन्नास रुपयांच्या आंत झाला. कांटा ५ वर स्थिर राहिला, आणि संच पहिल्या खटक्यास लागला.

तो संच सातच वर्षांत असा कां झाला, हें गणित आम्हीं वर्गास घातलें. अशा कपॅसिटरचें आयुष्य १०५ अंशांवर २००० तास छापलेलें असतें, व तपमान दर १० अंशांनीं उतरलें कीं तें साधारण दुप्पट होतें. संचाच्या आंत ६५ अंश असतील तर ३२,००० तास. ७५ असतील तर त्याच्या निम्मे. दिवसाला सहा तास धरले तर पहिलें साडेचौदा वर्षें भरतें आणि दुसरें सव्वासात. वणींत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो; राजूर-उकणीकडून येणारी कोळशाची काळी धूळ संचाच्या पाठीवरील झरोक्यांत बसते. आणि त्या धुळीपासून व चोरापासून राखावा म्हणून आम्हींच तो लांकडी कपाटांत, मागून फळी ठोकून, बसविला होता. ती फळी आतां काढली आहे, आणि झरोके दर शनिवारीं कोरड्या कुंचल्यानें साफ होतात.

शाळा सुटण्याच्या आठवड्यांत त्या मुलाच्या वडिलांस आम्हीं पुन्हां बोलाविलें, या वेळीं क्षमा मागण्यासाठीं. त्यांनीं तें बोलणें हातानेंच अडविलें व चालू संचाकडे थोडा वेळ पाहिलें. "आमच्या घरचाही असाच करते जी, सर," ते म्हणाले, "नवाच घ्या लागते का?" आम्ही उत्तर देणार तोंच मुलगा मध्यें म्हणाला, "बाबा, थंडा असताना करते का तापल्यावर?"