सहा सिलेंडरचा खर्ज: गिऱ्हाईक 'आवाज' मागतं तेव्हा नक्की काय विकायचं?



गाड्यांची ॲक्सेसरीज, गॅरेज किंवा फॅब्रिकेशन, यांपैकी कुठल्याही धंद्यात तुम्ही उतरणार असाल तर आजचा धडा वही-पेन घेऊनच वाचा. विषय आहे सहा सिलेंडरच्या गाडीचा एक्झॉस्ट. पण गिऱ्हाईकाच्या मागणीचं मोजता येईल अशा कामात रूपांतर कसं करायचं, हे शिकायचं असेल तर कुठल्याही धंद्यात हा धडा उपयोगी पडेल.

चित्र डोळ्यांसमोर आणा. दुकान नवीन आहे. समोर एक बीएमडब्ल्यू एम-३४०आय येऊन थांबते. मालक म्हणतो, "आवाज जरा भारदस्त पाहिजे. खोल एकदम." नवखा दुकानदार काय करतो? मागचा मफलर कापतो, सरळ पाइप जोडतो आणि पैसे खिशात घालतो. आठ दिवसांनी तोच मालक परत येतो. हायवेला डोकं दुखतं, घरचे गाडीत बसत नाहीत, सोसायटीत भांडण झालंय आणि वर पोलिसांची पावती. आता पैसे परत द्या, मफलर पुन्हा जोडा आणि वर नाव खराब. चूक वेल्डिंगची नव्हतीच. मागणी नीट ऐकली गेली नाही, ही खरी चूक.

धडा १: मोठा आवाज वेगळा, खोल आवाज वेगळा

तबल्याची जोडी आठवा. डग्गा हळू वाजवला तरी खोलच वाजतो आणि तबला जोरात वाजवला तरी टणटणीतच वाजतो. आवाज किती मोठा, हे डेसिबलमध्ये मोजतात. किती खोल, हे हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्यावर. गिऱ्हाईक 'खोल' म्हणतं आणि आपण त्याला 'मोठा' विकतो. या धंद्यातला निम्मा वैताग इथूनच सुरू होतो.

आता साधं गणित. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे सहा सिलेंडरमध्ये एका फेरीला तीन स्फोट. म्हणून सूत्र असं: आरपीएम भागिले २०, की मूळ कंपनसंख्या मिळाली. २००० आरपीएमला १०० हर्ट्झ, ३००० ला १५० हर्ट्झ. चार सिलेंडरला ३० ने भागा, आठ सिलेंडरला १५ ने.

हिशोब करून बघा आणि गंमत पाहा. २००० आरपीएमला चार सिलेंडरचे येतात साधारण ६७ हर्ट्झ, सहाचे १०० आणि आठचे १३३. म्हणजे 'सिलेंडर जास्त तितका आवाज खोल' हा समज चुकीचा आहे. मग अमेरिकन व्ही-एटची ती गुरगुर कुठून येते? त्या इंजिनांत एका बाजूच्या चार सिलेंडरचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, त्यामुळे खालचे सूरही मिसळतात. सहा सिलेंडरला तो आवाज एक्झॉस्ट बदलून येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "व्ही-एटसारखा करून द्या," तर पहिल्याच भेटीत सांगा, "साहेब, तसा होणार नाही. पण तुमच्या इंजिनाचा स्वतःचा जो आवाज आहे तो स्वच्छ आणि भरीव करता येईल." एक गिऱ्हाईक निघून जाईल, पण जे थांबेल ते तुमच्यावर विश्वास ठेवून थांबेल.

धडा २: सहा सिलेंडरचेही प्रकार आहेत

बीएमडब्ल्यूचं इनलाइन-सिक्स घ्या. सगळे सिलेंडर एका ओळीत, पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. पुढचे तीन आणि मागचे तीन आळीपाळीने पेटतात. दोन्ही गट पुढेच एकत्र आले की आवाज एकसंध आणि गुळगुळीत येतो. शिवाय एम-३४०आयमध्ये टर्बो आहे. एक्झॉस्टचा वायू टर्बाइनमधून जातो तेव्हा स्फोटांची धार तिथेच बोथट होते. म्हणून टर्बो गाडीचा आवाज मुळातच दबलेला असतो.

व्ही-सिक्सचं वेगळं आहे. निसान ३५०झेड किंवा ३७०झेड घ्या. तीन सिलेंडर या बाजूला, तीन त्या बाजूला. दोन्ही बाजूंचे पाइप मागेपर्यंत वेगळेच ठेवले तर प्रत्येक पाइपात निम्मेच स्फोट येतात आणि जोर दिला की पत्रा वाजल्यासारखा चरचरीत आवाज येऊ लागतो. यावर उपाय म्हणजे दोन पाइप मध्ये जोडणं. एक्स आकाराच्या जोडात दोन्ही प्रवाह मिसळतात आणि आवाज गुळगुळीत होतो. एच आकाराच्या जोडात थोडीच देवाणघेवाण होते, त्यामुळे थोडा भरडपणा टिकतो.

म्हणून गाडी दुकानात आली की पहिला प्रश्न "बजेट किती?" हा नको. आधी विचारा, "इंजिन कुठलं? इनलाइन की व्ही? टर्बो आहे की नाही?"

धडा ३: खोली कुठून मिळते?

लिहून घ्या:

१. मफलर. दोन मुख्य प्रकार. एकात कप्पे असतात, वायू वळणं घेत जातो. दुसऱ्यात सरळ जाळीदार नळी आणि भोवती काचेची लोकर. ही लोकर वरचे, चिरके सूर चांगले शोषते, खालचे सूर मात्र बऱ्यापैकी जाऊ देते. म्हणजे गिऱ्हाईकाला हवा तो खर्ज उरतो. लांब अंगाचा, चांगल्या लोकरीचा मफलर घ्या. आखूड आणि स्वस्त मफलरची लोकर लवकर जळते, उडते आणि सहा महिन्यांत आवाज फाटतो.

२. रेझोनेटर. मधला हा डबा बरेच जण 'काय उपयोग याचा' म्हणून काढून टाकतात. चरचर अडवण्याचं काम तोच करतो. काढू नका.

३. पाइपचा व्यास. जाड पाइप म्हणजे खोल आवाज, असं समजू नका. गरजेपेक्षा मोठा व्यास घेतला तर आवाज फक्त मोठा होतो आणि केबिनमध्ये घुमतो.

४. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. याला हात लावायचा नाही. प्रदूषण वाढतं, पुढच्या-मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं गणित बिघडतं आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. काम करायचं ते कॅटच्या मागे.

धडा ४: घुमणं, म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक

हायवेला एका ठरावीक वेगावर केबिनमध्ये 'घूंऽऽ' असा आवाज बसतो. त्याला ड्रोन म्हणतात. पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये तो कळत नाही. मुंबई-पुणे प्रवासात कळतो आणि मग तुमचा फोन वाजतो.

यावर उपाय आहे. एक टोक बंद असलेली नळी मुख्य पाइपला फांदीसारखी जोडायची. आवाजाची लाट त्या नळीत जाऊन उलटी परत येते आणि मूळ लाटेला मारते. लांबी काढायची ती अशी: एक्झॉस्टमधल्या आवाजाचा वेग भागिले कंपनसंख्येच्या चौपट. गरम वायूत आवाज वेगाने जातो. ३०० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ४८० मीटर. समजा ड्रोन २००० आरपीएमला येतोय, म्हणजे १०० हर्ट्झ. मग ४८० भागिले ४००, बरोबर १.२ मीटर. तापमान बदललं की लांबीही थोडी बदलते, म्हणून आधी नळी जरा लांब ठेवा, चाचणी घ्या, मग कापा. शिंप्याचा नियम आहे हा, कापड आधी जास्त ठेवायचं.

एवढं गणित तुम्ही गिऱ्हाईकासमोर कागदावर करून दाखवलंत, तर शेजारचा दुकानदार दोन हजारांनी स्वस्त असला तरी गिऱ्हाईक तुमच्याकडे थांबेल.

धडा ५: कायदा. इथे गंमत नाही

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ध्वनी आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

दंड गिऱ्हाईकाला होईल, पण बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. म्हणून दोन कप्पे करा. रस्त्यावर धावणारी गाडी असेल तर पहिला पर्याय कंपनीची अधिकृत ॲक्सेसरी. काही गाड्यांत व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट मुळातच असतो, स्पोर्ट मोडला तो उघडतो आणि मालकाला ते माहीतही नसतं! फुकटात तेवढं दाखवून द्या, हे गिऱ्हाईक तुम्हाला विसरणार नाही. फक्त ट्रॅकवर चालणारी गाडी हा दुसरा कप्पा, आणि त्याचं काम वेगळ्या कागदावर. कुठलंही काम बसतं की नाही याबद्दल शंका असेल तर आधी आरटीओला विचारा, मग गाडी लिफ्टवर घ्या.

आणि मोजा. आवाज मोजायचं साधं मीटर घ्या. पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, पाइपच्याच उंचीवर धरा. कामाआधी आणि कामानंतर, त्याच आरपीएमला. दोन्ही आकडे जॉब कार्डवर लिहा. या आकड्याने काम कायदेशीर ठरत नाही, पण तुम्ही 'खोल' विकलं की नुसतं 'मोठं', हे तुम्हाला स्वतःला कळतं. आवाज मूळ पातळीच्या वर गेला तर ते काम रस्त्यावर जायला नको.

धडा ६: पैशाचं गणित

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. समजा मफलर आणि रेझोनेटर २४,०००. स्टेनलेस पाइप, बेंड, क्लॅम्प, आर्गॉन मिळून ९,०००. दोन माणसं, दोन दिवस, रोजी १,००० प्रमाणे ४,०००. दोन दिवसांचं भाडं आणि वीज ३,०००. एकूण ४०,०००.

तुम्ही ४८,००० सांगितले. वाटलं, आठ हजार सुटले. आता ड्रोनमुळे गाडी एकदा परत आली. एक दिवसाची मजुरी २,०००, माल ३,०००, भाडं-वीज १,५००. गेले ६,५००. हातात उरले फक्त १,५००! दोन दिवस राबून. आणखी एकदा गाडी आली की पदरचे घालायचे.

म्हणून किंमत ठरवताना एक फेरी धरूनच चला. ४०,००० अधिक ६,५०० अधिक तुमचा नफा. आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा, "यात एक फेरदुरुस्ती धरली आहे." मग ती फेरी तुमचं नुकसान राहत नाही, तुमची सर्व्हिस होते.

मालाबद्दल दोन गोष्टी. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला लोहचुंबक जवळपास चिकटत नाही, ४०९ ला चिकटतो. ४०९ स्वस्त आहे, पण त्यावर गंज चढतो. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी राहणार असेल तर ३०४ च द्या. आणि सुरुवातीला स्टॉक भरू नका. सहा सिलेंडरची गिऱ्हाइकं आपल्याकडे मोजकीच. ॲडव्हान्स घ्या, मग माल मागवा.

आजचा गृहपाठ

एका पानाचं जॉब कार्ड बनवा. त्यात हे सहा प्रश्न हवेतच:

१. इंजिन कुठलं, टर्बो आहे का?
२. गाडी रोज चालते की फक्त ट्रॅकवर?
३. हायवेला नेहमीचा वेग आणि त्या वेळचा आरपीएम किती?
४. गाडीत आणखी कोण बसतं?
५. कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का आणि ती जाऊ शकते हे सांगितलं का?
६. जुने पार्ट मालकाला परत दिले का? त्यावर सही.

चौथा प्रश्न विसरू नका. पैसे मालक देतो, पण काम पास की नापास हे बऱ्याचदा मागच्या सीटवर ठरतं.

तुमचा धंदा एक्झॉस्टचा नसला तरी हेच करा. तुमचं गिऱ्हाईक जो मोघम शब्द वापरतं, 'भारी', 'घरगुती चवीचं', 'मजबूत', 'फिनिशिंगवालं', तो वहीत लिहा. शेजारी तो मोजायचा कसा ते लिहा. ज्या दिवशी हे दोन्ही रकाने भरतील, त्या दिवसापासून गिऱ्हाईक तुमच्याशी भावावरून कमी भांडेल.

चला, लागा कामाला!