मधुमेह : वजनाच्या शस्त्रक्रियेआधी व नंतर

वजन फार वाढलेल्या मधुमेही माणसाला डॉक्टर कधी कधी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली. पण तिने रोग मुळासकट जातो असे समजू नये. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे १५० रुग्णांचा अभ्यास झाला. पाच वर्षांनी बायपास केलेल्यांत शेकडा २९ जणांची साखर ठरवलेल्या पातळीत होती. नुसत्या औषधांवर शेकडा ५ जणांचीच.

आधी : साखर आटोक्यात आणावी. निपाणी भागात तंबाखू घरचाच. तरी विडी व तंबाखू पूर्ण सोडावी.

नंतर : औषध बहुधा कमी लागते. इन्सुलिनचे जुनेच प्रमाण चालू ठेवल्यास साखर एकदम उतरते, घाम सुटतो, शुद्धही हरपते. म्हणून प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. उसाचा रस व गुळाचा चहा टाळावा. त्याने धडधड व जुलाब होतात. जेवताना आधी डाळ, अंडे, मग भाकरी. घास लहान, चावून. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्यात.

वजन पुन्हा वाढल्यास मधुमेहही परततो. बरे वाटले तरी रक्ततपासणी चुकवू नये.