पदवीनंतर नर्सिंग : आधी वयाचा हिशेब मांडा

गुरुग्रामच्या सायबर सिटीत बीकॉम, बीबीए, बीटेक झालेली हजारो मुलं-मुली काम करतात. दोन-तीन वर्षं नोकरी झाली की त्यांतल्या काहींना कळून चुकतं की हे काम आयुष्यभर करण्याजोगं नाही, किंवा ते आयुष्यभर टिकणारही नाही. त्याच शहरात मेदांता, फोर्टिस, आर्टेमिस, मॅक्स, पारस अशी मोठमोठी रुग्णालयं उभी आहेत आणि त्यांना नर्सेस सतत हव्या असतात. देशाचं चित्रही तसंच. जागतिक आरोग्य संघटना हजार लोकांमागे तीन नर्सेसचा निकष सांगते, आपल्याकडे ते प्रमाण सरकारी आकडेवारीनुसार दोनच्या आसपास आहे. मग पदवी हातात असलेल्या मुलीच्या मनात नर्सिंग येतं, आणि त्यासोबत एक ऐकीव माहितीही येते : अमेरिकेत कुठल्याही शाखेचा पदवीधर बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी घेऊ शकतो. तसं काही इथे आहे का, हा पहिला प्रश्न. उत्तर सरळ आहे : नाही. भारतात आधीच्या पदवीमुळे नर्सिंगचं एक वर्षही कमी होत नाही. तरीही हा निर्णय चुकीचा ठरतो असं नाही. फक्त तो ‘किती लवकर संपेल’ या प्रश्नावर न घेता ‘संपेल तेव्हा वय किती असेल आणि त्या वयाला कोणती दारं उघडी असतील’ या प्रश्नावर घ्यायला हवा.

नियम आधी पाहू, कारण फसगत बहुतेक इथेच होते. भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली आणि अभ्यासक्रमांच्या अटी तिने ठरवल्या. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के. जीएनएम ही पदविका तीन वर्षांची, तिला बारावीची कोणतीही शाखा चालते. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. आणि एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचं, पण ते फक्त नर्सिंगची पदवी आणि वर्षभराचा अनुभव असलेल्यांसाठी. प्राणिशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झालेली अनेक मुलं ‘एमएस्सी नर्सिंग’ हे नाव वाचून आशा धरतात. त्यांची बीएस्सी तिथे उपयोगी पडत नाही. प्रवेशाच्या वेळी तुमची पदवी कोणी विचारत नाही, तुमची बारावी विचारतात. काही संस्था प्रवेशासाठी वयाची वरची मर्यादाही ठेवतात. ती माहितीपत्रकात शोधून वाचावी लागते.

ज्याची बारावी वाणिज्य किंवा कला शाखेतून झाली, त्याला बीएस्सीचं दार बंद दिसतं. ते पूर्ण बंद नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, विज्ञान विषय आणि इंग्रजी घेऊन केलेली बारावी परिषदेच्या नियमांत ग्राह्य धरलेली आहे. तिच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. नोकरी सांभाळत वर्षभरात हे विषय काढता येतात. मात्र इंजिनीअरिंगला गेलेल्या आणि बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या मुलाने फक्त तेवढा एक विषय वेगळा देऊन भागेल का, हे ज्या राज्यात प्रवेश घ्यायचा तिथल्या प्रवेश प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्यावं. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर वर्ष घालवू नये.

इथे पालकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : एवढी खटपट कशाला, जीएनएम करून टाक, एक वर्षही वाचेल. ऐकायला व्यवहारी वाटणारा हा सल्ला हिशेबात तोट्याचा निघतो. एम्स आणि इतर केंद्रीय संस्थांतल्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट नावाची परीक्षा होते. तिला बीएस्सी झालेली मुलगी नोंदणी होताच बसू शकते. जीएनएम झालेलीला मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे चार वर्षं विरुद्ध तीन अधिक दोन. पुढे शिकायचं ठरवलं तरी तेच : जीएनएम आणि त्यावर पोस्ट बेसिक मिळून पाच वर्षं, थेट बीएस्सी चार. छोटा अभ्यासक्रम इथे लांब पडतो. ज्याला घरच्या परिस्थितीमुळे तीन वर्षांनी पगार सुरू होणं भागच आहे, किंवा विज्ञानाचे विषय आता झेपणारच नाहीत, त्याने जीएनएम जरूर करावं. वेळ वाचवण्यासाठी म्हणून करू नये.

आता वय. नॉरसेटची वयोमर्यादा १८ ते ३०, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत. बाविसाव्या वर्षी पदवी झाली आणि लगेच बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळाला, तर सव्विसाव्या वर्षी मुलगी बाहेर पडते आणि परीक्षेसाठी तिच्या हाती चार वर्षं राहतात. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर एखादं वर्ष. सत्ताविसाव्या वर्षी केली तर खुल्या प्रवर्गासाठी एम्सचा विषय संपलेला असतो. त्यात जीवशास्त्राची बारावी करण्यासाठीचं वर्ष मिळवा, म्हणजे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला खरं तर तेविसाव्या वर्षाच्या आत ठरवायला हवं हे दिसेल. राज्यांच्या भरतीत थोडी उसंत आहे. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण मर्यादा ३८ आणि राखीव प्रवर्गांची ४३, हरियाणात ४२. मात्र गुरुग्राममध्ये वाढलेल्या मराठी मुलांपुढे इथे आणखी एक पेच आहे. दहावी-बारावी हरियाणात किंवा दिल्लीत झालेल्यांना महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून प्रवेश साधारणपणे मिळत नाही, आणि पुढे राज्याच्या नोकरीतही अधिवासाचा प्रश्न येतो. ‘शेवटी पुण्याला परत जाऊच’ असं म्हणणाऱ्या कुटुंबांनी अधिवासाचे कागद कुठल्या राज्याचे आहेत हे प्रवेशाआधी पाहावं. नर्स म्हणून झालेली नोंदणी एका राज्य परिषदेकडून दुसरीकडे नेता येते, तो भाग तुलनेने सोपा.

मग परदेशातल्या त्या झटपट पदवीचं काय? अमेरिकेतला बारा-अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम खरा आहे, पण त्या महिन्यांत शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे आधी पूर्ण करायचे विषय धरलेले नसतात. बीकॉम किंवा बीटेकवाल्याला ते वेगळे घ्यावे लागतात, पैसे वेगळे भरून. त्याहून मोठी अडचण नोकरीची. वॉर्डातल्या सर्वसाधारण नर्सच्या पदाला एच-वन-बी व्हिसा सहसा मिळत नाही. नर्सेस बहुधा ईबी-३ या वर्गातून स्थायिक होतात आणि भारतात जन्मलेल्यांसाठी त्या रांगेत दहा वर्षांहून जुन्या अर्जांचा क्रमांक लागतो आहे. कर्ज काढून तिथली पदवी घेणाऱ्या भारतीयासाठी हा गणिताचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि शिक्षण सल्लागारांच्या चकचकीत पत्रकांत तो सापडत नाही. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा नोंदणीपूर्व अभ्यासक्रम आहे. तिथे एकूण ४,६०० तासांचं शिक्षण बंधनकारक असून त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेत जातो. आधीच्या शिक्षणाचे काही तास त्यात धरता येतात, म्हणून दोन वर्षांत जमतं. फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची, आणि परदेशी नर्सेसची तिथली भरती अलीकडे बरीच मंदावली आहे.

जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. तिथलं नर्सिंगचं व्यावसायिक प्रशिक्षण तीन वर्षांचं, त्यात विद्यावेतन मिळतं, जीवशास्त्राची बारावी लागत नाही. लागते ती जर्मन भाषा, आणि तीही कामचलाऊ नव्हे : बी-१ किंवा बी-२ पातळीची. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मराठी घरांत या वाटेची चर्चा वाढली आहे. वाणिज्य पदवीधराला ही वाट खरोखर विचार करण्याजोगी आहे. फक्त ही पदवी नसून व्यवसाय-पात्रता आहे. उद्या भारतात परत येऊन नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिची समकक्षता आपोआप मिळेल असं गृहीत धरू नये.

पालकांचा खरा आक्षेप मात्र नियमांचा नसतो. ‘तीन-चार वर्षं घालवून मिळवलेली पदवी वाया जाणार’ हा असतो, आणि त्यामागे न बोललेला दुसरा : लोक काय म्हणतील. दुसऱ्याला इतिहासातच उत्तर आहे. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. त्यांत विधवा होत्या, आयुष्य एकदा मोडून पुन्हा उभं करू पाहणाऱ्या होत्या. नर्सिंग ही दुसरी सुरुवात असणं मराठी समाजाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आपण ते सोयीने विसरलो. पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. प्रवेशाच्या दिवशी पदवी खरोखरच निरुपयोगी असते. तिचा उपयोग पाच-सात वर्षांनी होतो. गुरुग्रामच्या रुग्णालयांत परदेशी रुग्ण येतात, विम्याची कागदपत्रं असतात, सगळी नोंद संगणकावर होते, एनएबीएच मानांकनासाठी गुणवत्तेचे दस्तऐवज ठेवावे लागतात. संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता विभाग, रुग्णालयाच्या संगणक प्रणाली या ठिकाणी वॉर्ड जाणणारी आणि शिवाय आकडे किंवा प्रणाली जाणणारी व्यक्ती हवी असते. पण तिथे जाण्याचा रस्ता वॉर्डातूनच जातो. नाईट ड्युटी, हँडओव्हर, आयसीयूतली धावपळ टाळून थेट गुणवत्ता विभागात बसू, असं मनात असेल तर त्या मुलाने नर्सिंग करू नये.

पगाराचा आक्षेप सर्वांत ठोस आहे आणि त्यावर मखलाशी करण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या नर्सिंग ऑफिसरचं सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये, त्यावर भत्ते. खासगी रुग्णालयांत परिस्थिती इतकी वेगळी होती की ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने सुचवलं : दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, शंभर ते दोनशे खाटांत जास्तीत जास्त दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी, आणि पन्नासच्या आत असल्या तरी किमान वीस हजार. ही शिफारस आहे, तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे आणि ती सर्वत्र झालेली नाही. तेव्हा सायबर सिटीतला चालू पगार सोडून येणाऱ्याने पहिल्या खासगी नोकरीत आपलं उत्पन्न कमी होईल असंच धरून चालावं. इथे वयाचा मुद्दा पुन्हा पुढे येतो : सरकारी दार उघडं असताना बाहेर पडणारी आणि ते बंद झाल्यावर बाहेर पडणारी, या दोघींच्या पदवीत फरक नाही, पगारात आहे.

मुलग्यांसाठी गणित आणखी तंग आहे. दिल्लीच्या एम्समधलं बीएस्सी ऑनर्स नर्सिंग फक्त मुलींसाठी, १९४६ पासून चालत आलेलं राजकुमारी अमृत कौर कॉलेजही मुलींचंच, आणि नॉरसेटमध्ये स्त्री-पुरुष जागांचं प्रमाण ८० : २०. आयसीयू, आपत्कालीन विभाग, शस्त्रक्रियागृह इथे ‘ब्रदर’ला मागणी असते हे खरं, पण केंद्रीय नोकरीची आशा धरून येणाऱ्या मुलग्याने स्पर्धा कित्येक पट कठीण आहे हे समजून यावं.

एवढं सगळं मान्य असेल तर उरतो कॉलेजचा प्रश्न, आणि तिथे नावापेक्षा खाटा मोजाव्यात. बीएस्सी नर्सिंग कॉलेजला किमान शंभर खाटांचं स्वतःचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असा परिषदेचा निकष आहे. बुढेड्याच्या एसजीटी विद्यापीठाला स्वतःचं रुग्णालय आहे, मेदांताशी जोडलेलं नर्सिंग कॉलेज आहे. एनसीआरमध्ये इतरही पुष्कळ आहेत आणि सगळी सारखी नाहीत. निकष कागदावर राहिले की काय होतं ते मध्य प्रदेशात दिसलं : उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तिथल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली, आणि २०२४ मध्ये खुद्द तपासणी करणाऱ्या काही अधिकाऱ्यांनाच लाचेच्या आरोपावरून अटक झाली. मार मुलांना बसला, त्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या आणि हरियाणाच्या राज्य परिषदेच्या चालू वर्षाच्या मान्यता यादीत नाव पाहावं आणि कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी, रुग्णालयात जाऊन किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत ते बघावं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणारा बॉन्ड पुढे केला तर उठून यावं.

अठ्ठावीस-तीस वर्षांच्या पदवीधराने काय करावं? रुग्णांजवळ राहून काम करण्याचीच ओढ असेल आणि घरात चार वर्षं चालवणारं दुसरं उत्पन्न असेल तर खासगी रुग्णालय, राज्य सेवा किंवा जर्मनी डोळ्यांपुढे ठेवून जरूर यावं. पण ओढ आरोग्यक्षेत्राची असेल आणि रुग्णाच्या उशाशी बसण्याची नसेल, तर त्याची पदवी जिथे चालते तिथे जावं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन आणि सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, दिल्लीत द्वारकेला आयआयएचएमआरमध्ये रुग्णालय व्यवस्थापन आहे. दोन्हीकडे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो आणि दोन वर्षांत बाहेर पडतो.