लिंग, लिंगभाव आणि संहितोक्त षण्ढविचार

‘लिंग’ हा शब्द आपल्या शास्त्रात इतक्या अर्थांनी येतो की, त्याविषयी वाद घालण्यापूर्वी अर्थनिश्चिती करणे अगत्याचे ठरते. निदानपंचकातील ‘रूप’ याला लिंग हा पर्याय आहे, हे प्रत्येक विद्यार्थी जाणतो. व्याकरणात पत्नीवाचक ‘दार’ शब्द पुल्लिंगी व ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. शरीरचिन्हांवरून लिंग ठरवू गेल्यास स्त्रीवेष धारण करणाऱ्या नटाचे, म्हणजे भ्रूकुंसाचे, काय करावयाचे, हा प्रश्न पतंजलींनी महाभाष्यात उपस्थित केला आहे. बाह्य चिन्ह आणि वस्तुस्थिती यांची फारकत आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. त्यापलीकडे किती म्हणता येते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आज मराठीत तीन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. गुणसूत्रे, वृषण वा बीजकोश, संप्रेरके व जननेंद्रिये यांनी सिद्ध होणारे ते शरीरगत लिंग. समाज स्त्री वा पुरुष म्हणून ज्या वेषाची व आचाराची अपेक्षा करतो, तो लिंगभाव. आणि ‘मी कोण’ याविषयी व्यक्तीचा स्वतःचा जो दृढ प्रत्यय, ती लिंगभाव-ओळख. दुसरी व तिसरी गोष्टही एक नव्हे. बालगंधर्वांनी आयुष्याची कित्येक वर्षे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या नऊवारीचे अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनी केले. तो भूमिकेचा भाग होता. वेष ही ओळख नव्हे.

या विषयावर वैद्यवर्गात दोन टोकाची मते ऐकू येतात. ‘हे सर्व चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे’ हे पहिले. ‘हा निव्वळ मनोविकार असून वाजीकरणाने वा मेध्य द्रव्यांनी जाईल’ हे दुसरे. आमच्या मते दोन्ही मते मूळ ग्रंथ नीट न वाचल्याची लक्षणे आहेत.

ग्रंथ काय म्हणतात? शुक्राच्या बाहुल्याने पुरुष, आर्तवाच्या बाहुल्याने स्त्री व उभयांच्या साम्याने नपुंसक, असा सिद्धान्त सुश्रुत शारीराच्या तिसऱ्या अध्यायात आहे. चरक शारीराच्या दुसऱ्या अध्यायात द्विरेता, पवनेंद्रिय, संस्कारवाही, नरषण्ढ, नारीषण्ढ, वक्री, ईर्ष्याभिरती व वातिकषण्ढ हे आठ प्रकार येतात. पैकी पवनेंद्रियात गर्भाचा शुक्राशय वायूने दूषित होतो आणि वातिकषण्ढात वायू व अग्नी यांच्या दोषाने वृषणांचा नाश होतो. म्हणजे हे प्रकार सरळसरळ शारीर आहेत. चौथ्या अध्यायातील ‘वार्ता’ व ‘तृणपूलिक’ यांचे वर्णन तर विशेष मननीय आहे. बीजाच्या एका भागाचाही एक अंश दूषित झाला असता आकृतीने बहुतांशी स्त्रीसारखी, पण स्त्री नसलेली संतती होते, ती वार्ता. आणि त्याचप्रमाणे पुरुषाकृती, पण पुरुष नसलेला तो तृणपूलिक. आकृती व बीज यांची एवढी स्वच्छ फारकत करणारी दृष्टी आजच्या गुणसूत्रविज्ञानालाही परकी वाटणार नाही. मात्र वार्ता म्हणजे अमुकच आधुनिक व्याधी, असे समीकरण मांडण्याचा मोह आवरावा.

सुश्रुताचार्यांनी आसेक्य, सौगंधिक, कुंभिक, ईर्ष्यक व षण्ढ असे पाच प्रकार सांगितले असून पहिले चार सशुक्र, तर षण्ढ अशुक्र मानला आहे. षण्ढाची चेष्टा स्त्रीसारखी असते; आणि याच प्रकरणात पुरुषासारखी चेष्टा करणाऱ्या कन्येचाही उल्लेख आहे. कारण म्हणून मात्र गर्भाधानसमयीची माता-पित्यांची विपरीत स्थिती सांगितली आहे. हे कारण आज स्वीकारता येत नाही, ते स्पष्टपणे नाकारावे. अन्यथा आधीच खचलेल्या आई-वडिलांच्या माथी आपण विनाकारण दोष मारतो.

सारांशाने, संहितांनी आकृती, शुक्र आणि चेष्टा या तीन कसोट्या लावल्या. व्यक्तीचा स्वतःविषयीचा प्रत्यय ही चौथी कसोटी त्यांच्या वर्गीकरणात नाही. काही विद्वान तो अहंकारतत्त्वात बसवू पाहतात. परंतु चरक शारीराच्या पहिल्या अध्यायातील अहंकार हे सृष्टिक्रमातील तत्त्व आहे, त्यावर एवढा भार टाकणे आम्हास ओढाताणीचे वाटते. ग्रंथात नसलेली गोष्ट नाही म्हटल्याने ग्रंथाचे महत्त्व उणावत नाही.

आता चिकित्सेकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे. नवजात बालकाचे जननेंद्रिय संदिग्ध दिसले, तर तो वर्गीकरणाचा विषय नसून तातडीचा आहे. कंजेनायटल अ‍ॅड्रीनल हायपरप्लेझियात अधिवृक्क ग्रंथींच्या दोषामुळे पहिल्या काही आठवड्यांतच वांती, वजन घटणे व क्षारनाश होऊन बालक दगावू शकते. त्यास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शस्त्रक्रियेची घाई ही मात्र निराळी बाब. 2019 साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तामिळनाडू शासनाने, जीवितास धोका असल्याखेरीज, अशा बालकांवरील लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रियांना मनाई केली.

दुसरा प्रसंग नष्टार्तवाचा. सोळा-सतरा वर्षांची, स्तनवृद्धी उत्तम असलेली, परंतु एकदाही रजोदर्शन न झालेली मुलगी आली की, रजःप्रवर्तिनी वटी लिहून देण्याची आपल्याकडे फार घाई होते. प्रथम सोनोग्राफीत गर्भाशय आहे काय, हे पाहावे. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोममध्ये गुणसूत्रे एक्सवाय, उदरात वृषण आणि बाह्य आकृती संपूर्ण स्त्रीची असते, गर्भाशय नसतो. तेथे वटीने काय प्रवर्तित होणार? अशी मुलगी बहुधा आयुष्यभर स्वतःस स्त्रीच मानते. केवळ गुणसूत्रांवरून ‘तू पुरुष आहेस’ असे तिला सुनावणे हे शास्त्र नव्हे, क्रौर्य आहे.

तिसऱ्या प्रसंगी शरीर सर्वथा निर्दोष असते; तरुण मुलगा ‘मी स्त्री आहे’ असे सातत्याने सांगतो आणि आई-वडील ‘पुरुषत्वाचे औषध’ मागतात. येथे शुक्रक्षय नाही, क्लैब्य नाही. मग वाजीकरणाचे प्रयोजनच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली संमत केलेल्या व 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या वर्गीकरणात ही स्थिती मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेही 2022 साली ‘कन्व्हर्जन थेरपी’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. त्या मुलास निद्रानाश, विषाद वा आत्मघाताचे विचार असतील, तर चिकित्सा त्यांची करावी व मनोविकारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ‘षंढ’ हा शब्द संहितेत संज्ञा असला, तरी आज मराठीत ती शिवी आहे. रुग्णासमोर तो उच्चारू नये.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओळख मान्य केली म्हणून शरीर नाहीसे होत नाही. पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीस गर्भाशय असेल, तर उदरशूलात गर्भधारणेची शक्यता तपासलीच पाहिजे. स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीची पौरुषग्रंथी वार्धक्यात वाढू शकते. बाहेर संप्रेरकचिकित्सा चालू असल्यास तीही विचारावी. स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. अशा रुग्णास यवक्षारासारखे पोटॅशियमयुक्त कल्प देताना सावध असावे. म्हणून केसपेपरवर ‘पु./स्त्री’ या एका खुणेऐवजी तीन नोंदी असाव्यात, असे आम्ही सुचवितो: रुग्ण सांगेल ती ओळख व संबोधन, चिकित्सेस आवश्यक तेवढीच शरीररचना, आणि चालू असलेली संप्रेरके. दुसरी नोंद नातेवाइकांना बाहेर थांबवून, एकांतात घ्यावी.