घरातील सेल : एकदाच वापरावा की पुन्हा भरावा?



आपल्या जालना जिल्ह्यात ‘सेल’ म्हटले की प्रथम आठवते ती विजेरी, जिला गावात सरसकट ‘बॅटरी’ म्हणतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने येते, तेव्हा अंबड, घनसावंगी वा भोकरदनच्या शिवारात पिकाला पाणी देणाऱ्यास वाटेतील साप दाखविते ती हीच. ऐन बांधावर तिचा प्रकाश मंदावला, तर ती केवळ गैरसोय राहत नाही. म्हणून कोणत्या उपकरणात कोणता सेल घालावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

विज्ञानाच्या तासाला आपण कोरडा विद्युतघट अभ्यासतो. त्याचे मूळ जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली तयार केलेल्या घटात आहे. जस्ताचे भांडे हे त्याचे ऋण अग्र आणि मधली कार्बनची कांडी हे धन अग्र. सेल वापरला जातो तसे जस्त झिजते. म्हणूनच संपलेला सेल उपकरणात विसरल्यास आवरणाला छिद्र पडून आतील द्रव्य पाझरते. ‘अल्कलाइन’ सेलमध्ये जस्ताची भुकटी व पोटॅशिअम हायड्रॉक्साइड असते. तो अधिक काळ चालतो. हे दोन्ही सेल एकदाच वापरण्याचे आहेत. ते चार्जरमध्ये घालणे धोक्याचे असते.

पुन्हा भरता येणाऱ्या सेलमध्ये पूर्वी निकेल-कॅडमिअम घट प्रचलित होता. कॅडमिअम विषारी असल्याने घरगुती वापरात त्याची जागा आता बहुतांशी निकेल-मेटल हायड्राइड घटाने घेतली आहे. हा सेल शेकडो वेळा भरता येतो. त्याचे विभवांतर १.२ व्होल्ट, तर साध्या सेलचे १.५ व्होल्ट. यावरून तो दुबळा ठरवू नये. साध्या सेलचे विभवांतर वापराबरोबर उतरत जाते. याचे मात्र बराच काळ स्थिर राहते.

आता हिशेब मांडू. समजा, साधा सेल १५ रुपयांना, भरता येणारा १५० रुपयांना आणि चार्जर ६०० रुपयांना मिळतो. दोन सेलची विजेरी रोज वापरात असून दर पंधरवड्याला सेल बदलावे लागतात. वर्षाला ५२ सेल लागले, म्हणजे ७८० रुपये. उलट दोन भरता येणारे सेल आणि चार्जर मिळून ९०० रुपये, तेही एकदाच. सुमारे चौदा महिन्यांत खर्च भरून निघतो. विजेचा खर्च नगण्य आहे. २००० मिलिअँपिअर-तासाच्या सेलमध्ये २.४ वॉट-तास ऊर्जा मावते. निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी एका युनिटमध्ये असा सेल दोनशे वेळा भरता येईल.

हाच हिशेब भिंतीवरील घड्याळाला लावा. वर्षाला एक सेल, म्हणजे १५ रुपये. तेथे १५० रुपयांचा सेल घातल्यास चार्जरची किंमत सोडूनही दहा वर्षे लागतील. शिवाय भरता येणारा सामान्य सेल नुसता ठेवला, तरी हळूहळू रिता होतो. अशी गळती अत्यल्प असलेले सेल २००५ पासून बाजारात आले आहेत. विजेरीसाठी तसेच निवडावेत. घड्याळ व रिमोट यांना साधा सेल पुरेसा आहे. क्वचित लागणाऱ्या विजेरीसाठी अल्कलाइन सेल वेगळे काढून ठेवावेत. सारांश, ज्याचे सेल वारंवार बदलावे लागतात, तेथे भरता येणारा. जेथे वर्ष-वर्ष बदलावा लागत नाही, तेथे साधा.

काही नियम दोहोंनाही लागू आहेत. जुना आणि नवा सेल, किंवा दोन प्रकारचे सेल, एकत्र घालू नयेत. उपकरण बराच काळ बंद राहणार असेल, तर सेल काढून ठेवावेत. पाझरलेल्या सेलला उघड्या हाताने स्पर्श करू नये; चुकून लागल्यास हात भरपूर पाण्याने धुवावेत.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संपलेला सेल जातो कोठे? खेड्यात तो बहुधा उकिरड्यावर पडतो आणि उकिरड्याचे खत शेतात जाते. म्हणजे आपण फेकलेले धातू आपल्याच मातीत परततात. केंद्र शासनाचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ घरगुती सेलनाही लागू आहेत. संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणासाठी पाठविण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याचे कर्तव्य ग्राहकावर. सेलवरील फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह हेच सांगते.

सुट्टीत घरी जाल, तेव्हा एक काम करा. घरातील प्रत्येक उपकरण पाहा आणि त्यातील सेल किती दिवसांनी बदलतो, हे वहीत लिहा. एका कोरड्या प्लॅस्टिकच्या बरणीत संपलेले सेल साठवा. ते जाळू नका, फोडू नका, आणि संकलन करणाऱ्याकडेच सोपवा. वहीतील ती नोंद वडीलधाऱ्यांना दाखवा. कोणता सेल घ्यावा, याचे उत्तर जाहिरातीपेक्षा त्या पानावर अधिक स्पष्ट मिळेल.